बारा, छत्तीस आणि साडेसात

'टेन-फोर' हे दोन शब्द मी वायरलेसवर पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं. धाहरानच्या मोठ्या तेल कंपनीच्या फाटकाशी मी पासची वाट बघत उभा होतो. शेजारी सिक्युरिटीची गाडी होती. तिच्यातला रेडिओ खरखरला आणि कुणीतरी बराच वेळ काहीबाही सांगत राहिलं. गाडीतल्या गार्डने शांतपणे बटण दाबलं, 'टेन-फोर' म्हणाला आणि निघून गेला. 'हो साहेब, ऐकलं साहेब, सगळं समजलं, हा निघालोच, तुम्ही निश्चिंत असा' हे सगळं दोन आकड्यांत! आमच्या घरी 'येताना लबान आण', म्हणजे इथलं ताक, एवढ्याला होकार द्यायला मला याच्या दसपट शब्द लागतात, आणि ते वापरूनही माझ्या बायकोचा, सुनेत्राचा, विश्वास बसत नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की ही मुळात अमेरिकेतल्या पोलिसांची पद्धत. दहाच्या पुढे एक आकडा जोडायचा, की झालं वाक्य. टेन-फोर म्हणजे समजलं. टेन-सेवन म्हणजे सेवा बंद. टेन-ट्वेंटी म्हणजे आहात कुठे. मग तिकडचे ट्रकवाले आणि हौशी लोकही आपापल्या रेडिओवर असंच बोलायला लागले. हे वाचताना मी इतका हरखलो, की सुनेत्राने आतून जेवायला बोलावलं तेव्हा 'टेन-फोर' म्हणालो. तिला वाटलं मी वेळ सांगतोय.

मी उदय गायधनी, मूळचा नाशिकचा. अल-खोबरला राहतो आणि एका कंत्राटदार कंपनीची ट्रान्सपोर्ट कंट्रोल रूम सांभाळतो. कंट्रोल रूम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भिंतभर पडदे वगैरे आले असतील तर ते कृपया पुसून टाका. हुफूफच्या रस्त्याला, वाळूत ठेवलेली एक पत्र्याची केबिन. तिच्यात एक एसी, एक रेडिओ आणि मी. आमच्या सात बस कॅम्पमधल्या कामगारांना साइटवर नेतात आणि आणतात. ड्रायव्हर बहुतेक रत्नागिरीकडचे, एक मलबारी आणि दोन पठाण. रेडिओवर सगळे एकदम आणि आपापल्या भाषेत बोलत. आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर कादिर होडेकर तर रेडिओ हातात आला की गावच्या आंब्याला मोहर किती आलाय इथपासून सुरुवात करी, आणि टायर पंक्चर झालाय ही बातमी अगदी शेवटी सांगे.

आता ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते सांगतो. त्या वर्षी सरकारने कंपन्यांना रंग दिले होते. ज्यांच्याकडे पुरेसे सौदी कर्मचारी त्या हिरव्या, कमी असतील त्या पिवळ्या, आणि नसतीलच त्या लाल. आमची कंपनी पिवळी होती आणि दिवसेंदिवस तांबूस होत चालली होती. आमचे मॅनेजर इंजिनियर नबील, जॉर्डनचे, अतिशय सुगंधी गृहस्थ. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "कंट्रोल रूमच्या खुर्चीत सौदी माणूस बसणार. तू त्याला तयार कर. मोठी तेल कंपनी परीक्षा घेईल. तो पास झाला तर तुला ट्रेनर म्हणून ठेवतो. नापास झाला तर कंत्राट गेलं, आणि तूही गेलास."

हे घरी सांगितलं तेव्हा सुनेत्रा पोळी लाटता लाटता थांबली. श्रुती, आमची एकुलती एक, इथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द झाला की सगळ्या कुटुंबाला गाशा गुंडाळावा लागतो. वर्षाच्या मध्येच नाशिकला कुठली शाळा तिला घेणार? "मार्चपर्यंत," सुनेत्रा म्हणाली. "मार्चपर्यंत काहीही करून टिका. पुढे मी इथली एक काडीही मागणार नाही." श्रुती हेडफोन लावून बसली होती. तिने ते काढले आणि म्हणाली, "बाबा, आय कान्ट चेंज स्कूल्स नाउ." मग पुन्हा लावले. गाणं लावायला मात्र विसरली.

तर असा मी आकड्यांच्या नादी लागलो. परीक्षेत रेडिओवरची शिस्त बघणार होते आणि आमच्या रेडिओवर तर आठवडी बाजार भरलेला. मी ठरवलं, टेन-कोड आणायचा. वरच्या मजल्यावर राहणारे पुण्याचे हर्षवर्धन टिपरे पेट्रोकेमिकलमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते सल्ला मागायची वाट बघत नाहीत. जिन्यातच म्हणाले, "गायधनी, स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्ड. अमेरिकन कोड जसाच्या तसा घ्या. आपलं डोकं चालवू नका." शेवटचं वाक्य मला लागलं, पण मी ते गिळलं.

कोड घ्यायचा म्हणजे मंजुरी हवी. मंजुरीसाठी कागद अरबीत हवा, आणि अरबी कागदावर शिक्का हवा. शिक्क्याला इथे 'खतम' म्हणतात. मी खिडकीशी गेलो, की आतला माणूस मान हलवून म्हणे, "माफी खतम." म्हणजे शिक्का नाही. मला मात्र दर वेळी वाटे की आपण संपलो. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने नमाजानंतर बोलावलं, नमाजानंतर पहिलीच खिडकी उघडी होती. अखेर शिक्का बसला. मी तो कागद छातीशी धरून केबिनवर आणला, भिंतीवर चिकटवला आणि त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

घोटाळा दुसऱ्या दिवशी पहाटे कळला. अरबी लिहितात उजवीकडून डावीकडे. भाषांतरकाराने दहा उजव्या बाजूला आणि सात डाव्या बाजूला लिहिला होता. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आमच्या ड्रायव्हरांपैकी काहींनी ते उजवीकडून वाचलं, काहींनी डावीकडून, आणि दोघांनीही अगदी मन लावून पाठ केलं. रेडिओ खरखरला. "कंट्रोल, गाडी तीन. सात-दहा! सात-दहा!"

मी ऐटीत म्हणालो, "टेन-फोर." आणि कॅम्पवर निरोप दिला, की कादिरची बस सात वाजून दहा मिनिटांनी येतेय. माणसं डबे घेऊन रस्त्यावर उभी राहिली. सात-दहा होऊन गेले. ऊन चढलं. कॅम्प बॉसचा फोन आला, मग नबील साहेबांचा आला, मग पुन्हा कॅम्प बॉसचा. मी रेडिओवर ओरडलो, "कादिर, तुम्ही सात-दहा म्हणालात ना?"

"व्हय साहेब, सात-दहा म्हंजे बंद! रेडिएटर फुटलाय. मी अर्ध्या तासापासून वाळूत बसलंय." मग त्याचाही संयम सुटला. "साहेब, आदी गाडीचे बारा वाजलेत, नि तुम्ही सात-दहा काय घेऊन बसलाव?"

आणि इथे ते घडलं. मग मलबारी ड्रायव्हर म्हणाला, "बारा? ओके, ओके." पठाणांपैकी एकजण म्हणाला, "बारह बज गए? हम आता है, रस्सी लाता है." रत्नागिरीकडचा गफूर म्हणाला, "कादिरचाचा, मी वळतंय." म्हणजे त्या शिक्क्याच्या कागदाने जे दोन दिवसांत झालं नाही ते एका 'बारा'ने झालं. माझ्या अंगावर काटा आला. अहो, अमेरिकेच्या पोलिसांनी जो शोध मोठ्या खटपटीने लावला, तो आमच्या आज्या-पणज्या चुलीपुढे बसून वापरत होत्या! आपली अर्धी भाषा आकड्यांत आहे, आणि मी परक्याच्या दारात 'टेन-फोर टेन-फोर' करत उभा होतो.

त्या रात्री मी झोपलो नाही असं म्हणणार होतो, पण झोपलो. सकाळी मात्र कामाला लागलो. बारा म्हणजे गाडी बंद, हे तर ठरलंच. तीन-तेरा म्हणजे वाऱ्याने रस्त्यावर वाळू आणून टाकलीय, दुसऱ्या रस्त्याने या. प्रवाशांत जुंपली की छत्तीस. दुसऱ्याच्या पासावर कुणी चढला तर चारशेवीस. स्टॉपवरून बस सुटली की नऊ-दोन-अकरा. सगळं ठीक असेल तर एक नंबर. चौदा म्हणजे पुढे चौकी आहे, सगळ्यांचे इकामे हातात ठेवा. याचा चौदाव्या रत्नाशी संबंध आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि गाडीत कुणी बडा साहेब चढला असेल तर साडेसात.

हे साडेसात भलतंच महागात पडता पडता राहिलं. नबील साहेब एकदा स्वतः गफूरच्या बसमध्ये बसले. गफूरने इमानदारीत कळवलं, "कंट्रोल, साडेसात चढले." साहेबांनी मला फोन करून विचारलं, की हे काय म्हणतात मला? माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हणालो, "सर, व्हीआयपी ऑन बोर्ड." त्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून ते बसमध्ये चढताना स्वतःच ड्रायव्हरला सांगू लागले, "टेल देम, सारेसात इज हिअर." एका आकड्यात माणसाला एवढा आनंद देता येतो हे मला माहीत नव्हतं.

राहिला शेवटचा कोड, सगळ्यात मोठा. आग, अपघात, जीवावरचा प्रसंग. यासाठी मी पाच निवडला, पाचावर धारण बसते म्हणून. हा वाक्प्रचार मलबाऱ्याला आणि पठाणांना माहीत नव्हता. म्हणून तो मी वेगळा बसवून शिकवला. पाच ऐकला की हातातलं सगळं सोडायचं आणि ज्याने तो म्हटला त्याच्याकडे निघायचं. पाच हा शब्द ज्या भाषेत ऐकू येईल त्या भाषेत. गंमत नाही, प्रश्न नाही. कादिरने विचारलं, "पाचावर धारन म्हंजे नेमका कशाची धारन, साहेब?" मला सांगता आलं नाही. टिपऱ्यांनी जिन्यात दोन व्युत्पत्ती सांगितल्या, त्या एकमेकींशी भांडत होत्या. शिवाय म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, स्थानिक भाषा वापरा."

याच सुमाराला मिशाल आला. माझ्या खुर्चीचा वारस. हुफूफचा, पंचविशीचा, पांढराशुभ्र पायघोळ थोब घातलेला, चालण्यात कसलीही घाई नसलेला. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, की याच्याशी कामापुरतं बोलायचं. तो केबिनमध्ये आला, एक खोका माझ्यापुढे ठेवला आणि हसून म्हणाला, "खलास! फॉर यू."

मी मटकन खाली बसलो. पहिल्याच दिवशी? निदान मार्च तरी? मग त्याने खोका उघडला. आत खजूर होते. त्यांच्या हुफूफच्या सगळ्यात नावाजलेल्या खजुराचं नावच खलास. शिक्क्याला खतम आणि खजुराला खलास म्हणणाऱ्या देशात माझ्यासारख्या हळव्या माणसाने नोकरी करू नये, हे मी तेव्हाच मनाशी कबूल केलं. खजूर मात्र असा होता, की मी पहिला तोंडात टाकला आणि मिशालबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे थोडं सैल झालं.

मी त्याला आकडे शिकवू लागलो. आमची भाषा म्हणजे थोडी इंग्रजी, थोडी हिंदी, थोडी मोडकी अरबी. मी म्हणालो, "पंचवीस. ट्वेंटी-फाइव्ह." तो थबकला. "पाच आधी? मग वीस?" मी म्हणालो, हो. त्याने टेबलावर हात मारला. "खमसा व इशरीन! फाइव्ह अँड ट्वेंटी! आम्हीसुद्धा लहान आधी सांगतो, मोठा नंतर!" मी इतकी वर्षं या देशात होतो, बाजारात रोज अरबी आकडे ऐकत होतो, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्याने खिडकीतून बाहेरच्या बसची पाटी दाखवली. तिच्यावरचे अरबी आकडे. "आम्ही यांना काय म्हणतो ठाऊक आहे? हिंदी आकडे. तुमच्याकडून आले." आम्ही दोघंही त्या पाटीकडे बघत राहिलो. खरं सांगतो, देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं मला.

तेव्हापासून तो भराभर शिकला. रेडिओवर त्याचा 'नऊ-दोन-अकरा' ऐकून कादिर म्हणाला, "पोराची जीभ साफ हाय." तो मला 'अबू श्रुती' म्हणू लागला, इथे बापाला मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. मी माझी चिंता कधी त्याच्या कानावर घातली नाही. पण केबिन पत्र्याची, आणि सुनेत्राचे फोन मोठ्या आवाजात. 'मार्च' हा शब्द सगळ्या भाषांत साधारण तोच आहे.

परीक्षेचा दिवस उजाडला. तपासनीस म्हणून आले अबू सालेह, मोठ्या कंपनीतले वयस्कर सौदी गृहस्थ. कमी बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. सोबत नबील साहेब, दुप्पट सुगंधी. मला कोपऱ्यात स्टूल दिलं आणि तोंड बंद ठेवायचं असं बजावलं. ट्रेनरला तोंड बंद ठेवून बसवणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मिशाल खुर्चीत बसला, माइक हातात घेतला. सगळ्या बस रस्त्यावर. एकेकजण सांगत होता, नऊ-दोन-अकरा, एक नंबर, तीन-तेरा. मिशाल उत्तरं देत होता. अबू सालेहांची पेन्सिल थांबली होती. ते नुसते ऐकत होते.

मग अबू सालेहांनी त्याला एका कोडचा अर्थ विचारला. मिशाल क्षणभर विचारात पडला. मला उत्तर माहीत होतं! मी स्टुलावरून अर्धवट उठलो आणि हातवारे करू लागलो. मिशालने माझ्याकडे बघितलं, इथल्या रिवाजाप्रमाणे पाचही बोटं जुळवून वर केली, म्हणजे थांबा जरा, आणि आम्हा परदेशी लोकांशी बोलायच्या अरबीत म्हणाला, "खमसा! खमसा दगीगा!" पाच मिनिटं. जरा दम धरा, अबू श्रुती.

दुसऱ्या हातात माइक होता. अंगठा बटणावर होता. पहिले दोन शब्द रेडिओवर गेले, 'दगीगा'च्या आधी अंगठा सुटला.

मला आधी कळलंच नाही. मग कादिरचा आवाज आला, आंब्याच्या मोहराशिवाय, "आलंव." बस्स. त्यामागून गफूर, "आलंव." मलबारी, "कमिंग." पठाण, "आता है." मिशालने माइक तोंडाशी धरून सांगायला सुरुवात केली, पण आता चॅनेल भरून गेलं होतं. सगळे एकमेकांना एवढंच सांगत होते, की कंट्रोलवर पाच आहे.

आम्ही केबिनच्या बाहेर आलो. सपाट वाळू, वर ऊन. आणि चारी दिशांनी धुळीचे लोट उठत होते. पुढे तोंड करून जाणाऱ्या बस वळल्या होत्या. एक जवळ, एक लांब, एक अगदी क्षितिजाशी ठिपक्याएवढी, पण सगळ्यांचं तोंड आमच्या त्या भंगार पत्र्याकडे. मी आयुष्यात सरकारी भोंगे ऐकलेत, आगीचे सराव बघितलेत, त्या वेळी लोक चहा प्यायला जातात. इथे एका माणसाने एक आकडा उच्चारला होता, तोही चुकून, आणि अख्खं वाळवंट आमच्याकडे धावत येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीने आलं असंही म्हणता येईल, पण धूळ तेव्हा लांब होती.

कादिरची बस पहिली थांबली. तो उतरला तो थेट आग विझवायचं नळकांडं घेऊनच. मागून कामगार उतरले, कुणाच्या हातात पाण्याचे कॅन, कुणाच्या हातात फावडं. गफूर जॅकचा दांडा घेऊन आला. "कोन मारतंय तुमका, साहेब?" कादिरने विचारलं आणि नबील साहेबांकडे संशयाने बघितलं. मी त्याच्या हातातून नळकांडं काढून घ्यायला गेलो, ते उडालं, आणि सगळी पांढरी पूड साडेसातांच्या अंगावर बसली.

या प्रसंगी माझी काय अवस्था झाली असेल ते मी लिहीत नाही. माझी थोडीफार जी अब्रू होती, ती त्या पुडीत गेली. सुनेत्राला काय सांगायचं, श्रुतीच्या शाळेतून दाखला कधी काढायचा, सामान कार्गोने पाठवायचं की विमानाने, इथपर्यंत माझं मन गेलं. नबील साहेब पिठात लोळवल्यासारखे उभे होते आणि शिंकत होते.

अबू सालेहांनी चष्मा पुसला. मिशालला विचारलं, "तू यांना काय सांगितलंस?"

"पाच," मिशाल म्हणाला. मग खरं ते सगळं सांगितलं. मिनिटं, अंगठा, सगळं.

"फक्त पाच?"

"फक्त पाच."

म्हातारबाबा त्या बस मोजू लागले. अजून एक येत होती, सगळ्यात लांबची. ती येऊन थांबली. मग हळूच म्हणाले, "माशाल्लाह." कादिरपुढे गेले आणि त्याच्याशी हात मिळवला. कामगारांना साइटवर उशीर होणार होता, त्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. मिशाल पास झाला. तसा पास त्या कंपनीत पूर्वी कुणी झाला नव्हता, असं ते जाताना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन घरी जाणार, तेवढ्यात नबील साहेबांनी बोलावलं. मिशालही होता. साहेबांच्या भुवयांत अजून थोडी पूड होती. "तू अप्रतिम काम केलंस," ते मला म्हणाले. "हा आता पूर्ण तयार आहे. ड्रायव्हर याचं ऐकतात. मग ट्रेनर कशाला?" टेबलावर माझ्या फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं मायदेशी परतण्याचा, अर्ज होता, खतमसकट. मी इतकं चांगलं शिकवलं होतं, की माझी गरजच उरली नव्हती. नोव्हेंबर चालू होता.

"इंजिनियर," मिशाल म्हणाला, "मी तयार नाही."

"म्हणजे?"

"मी नऊ आकडे शिकलोय. यांच्याकडे शंभर आहेत."

नबील साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मीही मिशालकडे बघितलं. कोड नऊच होते. दहावा मी केलाच नव्हता.

"अरबीत दहापर्यंत यायला लागलं, की पुढचं आपोआप येतं," मिशाल अगदी गंभीरपणे सांगत होता. "यांच्यात तसं नाही. शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव. अबू श्रुती, सेव्हंटी-नाइन सांगा."

"एकोणऐंशी," मी म्हणालो.

"एटी-नाइन?"

"एकोणनव्वद."

"नाइंटी-नाइन?"

"नव्याण्णव."

"बघा!" मिशाल म्हणाला. "दोनदा पुढच्यातून एक वजा करतात, तिसऱ्यांदा करत नाहीत. का? हे स्वतः यांनाही माहीत नाही. अबू सालेह पुन्हा येऊन शहाऐंशी विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

अबू सालेहांचं नाव ऐकून साहेबांनी अर्ज स्वतःकडे ओढला. आयुष्यभर इंजिनियरिंग केलेला तो माणूस ओठांतल्या ओठांत 'एकोन... एकोन...' करून बघत होता. त्यांच्या चेहऱ्यावर धास्ती होती आणि आदरही होता. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"मार्च," मिशाल म्हणाला. "मार्च संपेपर्यंत. माझं डोकं जरा मंद आहे."

साहेबांनी अर्ज खणात टाकला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलोच. शिकवणाऱ्याचा काही मान असतो की नाही? "डोकं मंद? तू माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी आहेस! आणि शंभर कोड आणू कुठून मी?" तो चालत राहिला, घाई न करता. गाडीपाशी पोचल्यावर म्हणाला, "माझ्या बहिणीनेही दहावीच्या वर्षी शाळा बदलली होती, अबू श्रुती. अब्बांची बदली झाली होती. ती अजून त्याबद्दल बोलते." मग गाडीचं दार उघडून धरत म्हणाला, "एकोणऐंशीपासून सुरू करू. आज शिकतो, उद्या विसरतो."

माझी खुर्ची घ्यायला आलेला माणूस हा. मी गाडीत बसलो आणि म्हणालो, "एकोणऐंशी."

मिशालने दिलेला शब्द पाळला. रोज सकाळी तो केबिनमध्ये येई, चहा ओती आणि आधी मला एकोणऐंशी विचारी. मी सांगे. तो दोन-तीनदा घोळवी आणि दुपारपर्यंत नबील साहेबांसमोर हटकून चुके. श्रुतीचा शेवटचा पेपर होईपर्यंत त्याला ते आलं नाही.